डोंबिवलीतला दहा बाय साडेचौदाचा हॉल: एका फेरमांडणीचं प्रकरण

मी केलेल्या एका हॉलच्या फेरमांडणीचं हे प्रकरण त्या घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, इमारत आणि ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मापं आणि घेतलेले निर्णय खरे आहेत.

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. राहणारी माणसं चार: आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दहावीला गेलेली नात. बेडरूम मुलगा, सून आणि नात मिळून वापरतात, आजी हॉलमध्ये झोपतात. या भागातल्या जुन्या घरांत हॉलला फक्त बैठकीची खोली म्हणून राहणं परवडत नाही. इथे रात्री आजीची झोप, संध्याकाळी नातीचा अभ्यास, जानेवारीत हळदीकुंकू, भाद्रपदात दीड दिवसाचा गणपती आणि एरवी टीव्ही. शिवाय स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून फ्रिजही हॉलमध्येच.

हॉल दहा फूट रुंद, साडेचौदा फूट लांब आणि सव्वानऊ फूट उंच. मुख्य दार पूर्वेच्या आखूड भिंतीत. त्याच्या बरोबर समोर, पश्चिमेच्या भिंतीत, खिडकी आणि गॅलरीचं दार. आत आलं की उजव्या लांब भिंतीत आधी स्वयंपाकघराकडे जाणारं पॅसेजचं तोंड. डावी भिंत सलग, मोकळी. नकाशावर पाहिलं तर बरी खोली आहे. दारातून थेट आकाश दिसावं अशी तिची रचना आहे आणि जुन्या इमारतींत हे भाग्य फार हॉलना मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचे निम्मे निर्णय तिच्यामुळे झाले. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा नव्हे, प्रक्रियाच सुरू होती. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या निर्देशांनुसार सभा होऊन पुनर्विकासाचा ठराव मंजूर झाला होता. इमारत दोन वर्षांत पडेल की सहा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

अडचण

सूनबाईंनी, ज्यांना मी वहिनी म्हणते, फोनवर सांगितलं होतं, "ताई, हॉल खूप लहान वाटतो. फॉल्स सीलिंग करू या आणि एक भिंत आरशाची." हल्ली बहुतेक फोन याच दोन मागण्यांनी सुरू होतात.

प्रत्यक्ष पाहिल्यावर मापं घेतली. उजव्या भिंतीला आठ फूट लांब, दीड फूट खोल आणि सात फूट उंच शोकेस, अक्रोडी रंगाची. डाव्या भिंतीला रेक्झिनचा तीन आसनी सोफा, ज्याचे हातच नऊ-नऊ इंचांचे. त्याच संचातल्या दोन सिंगल खुर्च्या दाराकडे पाठ करून खोलीच्या मधोमध. काचेची टीपॉय. खिडकीखाली सेटी, तिची उंच पाठ खिडकीचा खालचा भाग झाकणारी. त्यात फ्रिज आणि दाराशी चपलांचा स्टँड.

जमिनीला टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूचं क्षेत्रफळ काढलं. बेरीज ७४ चौरस फूट आली. हॉल १४५ चौरस फुटांचा, म्हणजे निम्म्याहून जास्त फरशी सामानाखाली. शोकेस आणि सोफा यांच्यात पावणेसहा फूट उरत होते, त्यात मधोमध दोन फुटांची टीपॉय. दोन्ही बाजूंना दोन फुटांहूनही कमी वाट. समोरून कुणी आलं की एकाने सोफ्यावर बसायचं, तेव्हा दुसरा जाणार.

पण जागा कमी पडणं आणि खोली लहान वाटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीची कारणं दारात उभं राहिल्यावर कळली. आत पाऊल टाकताच समोर दोन खुर्च्यांच्या पाठी. त्यांच्यापलीकडे सेटीची पाठ. तिच्यामागे खिडकी, तिच्यावर मरून रंगाचे दुहेरी पडदे. पडद्यांमागे गॅलरीच्या ग्रिलमध्ये जुन्या सुटकेसी, रिकामा सिलिंडर आणि वाळलेल्या कुंड्या. नजर साडेचौदा फूट जायच्या ऐवजी पाचव्या फुटावर अडकत होती.

उजेडाची कथा वेगळी. अख्ख्या हॉलला शोकेसच्या वर लावलेली एक एलईडी ट्यूब, २० वॉटची. अशा ट्यूबमधून साधारण दोन हजार लुमेन प्रकाश मिळतो. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन. साडेतेरा चौरस मीटरच्या खोलीत हिशेबाने दीडशे लक्स यायला हवेत, पण भिंती आणि सामान मधल्यामध्ये बराच प्रकाश गिळतात. सोफ्यामागची भिंत 'हायलाइट' म्हणून गडद वांगी रंगाची, समोर अक्रोडी शोकेस, छतावरून जाणारा बीमही गडद. प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर खोलीच्या मध्यभागी साठच्या आसपास लक्स आणि आजींच्या सेटीवर चाळीसच्या आत. आजी पोथी वाचायला स्वयंपाकघरात जाऊन बसत. घरच्यांना वाटे, त्यांना तिथे बरं वाटतं.

समोर आलेले पर्याय

गॅलरी हॉलमध्ये घेणं हा दादांचा, म्हणजे घरच्या मुलाचा, आवडता पर्याय. मधली भिंत काढली की चार फूट मिळतात. मी याला सरळ नाही म्हटलं. तीस वर्षांहून जुनी इमारत, गॅलरीचा स्लॅब बाहेर काढलेला. त्यावर फरशीचा थर, खिडकीची नवी भिंत आणि माणसांचं बसणं-उठणं हा भार टाकायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय आणि सोसायटी व महापालिकेची परवानगी लागते. पुनर्विकासाच्या तोंडावर कुणी त्या भानगडीत पडत नाही आणि पडूही नये.

फॉल्स सीलिंगचं गणित वहिनींना कागदावर मांडून दाखवलं. सव्वानऊ फुटांतून सहा इंच गेले की पावणेनऊ. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फुटांच्या थोडी वर, धरली आहे. एसी असलेल्या खोलीत फॉल्स सीलिंगच्या खालून २.४ मीटर चालते, पण या हॉलमध्ये एसी नाही, पंखा आहे. पंखा आणखी खाली आणावा लागला असता, कारण पात्यांच्या वर फूटभर मोकळी जागा नसेल तर वारा नीट खेळत नाही. शिवाय छोट्या हॉलमध्ये छतातले गोल दिवे हमखास पंख्याच्या घेराजवळ येतात. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचा घेर चार फुटांचा असतो. दिवा त्याच्या वर आला की पंखा फिरताना उजेड सतत लपलप करतो. टीव्ही पाहणाऱ्याचं डोकं दुखतं आणि दोष टीव्हीला मिळतो.

उंचीबद्दल एक अभ्यास मला नेहमी कामाला येतो. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की छत जितकं उजळ, तितकी खोली उंच वाटते. भिंती उजळ असल्या तरीही उंची वाढल्यासारखी वाटते. फरशीच्या रंगाने मात्र फरक पडत नाही. या घरातल्या दोन खर्चिक प्रश्नांना त्यातून उत्तर मिळालं. छत खाली आणण्याऐवजी त्याच्यावर उजेड टाकायचा. आणि जुन्या मोझॅकवर पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचा बेत रद्द. टाइल्सवर टाइल्स बसवल्या असत्या तर फरशी इंचभर वर आली असती, प्रत्येक दार खालून कापावं लागलं असतं आणि हा सगळा खर्च पुनर्विकासात डेब्रिजबरोबर गेला असता. त्याऐवजी मोझॅकला मशीन पॉलिश केलं. ती लादी इतकी सुरेख निघाली की आजी म्हणाल्या, "लग्न करून आले तेव्हा अशीच होती."

सोफा-कम-बेड शेजारच्या घरात होता, म्हणून त्यावर बरीच चर्चा झाली. रात्री उघडायचा, सकाळी बंद करायचा. पण दुपारी आडवं व्हायचं आजींचं वय. रोज दोनदा ती यंत्रणा कोण ओढणार? आणि उघडल्यावर तो खोलीत सहा फूट पुढे येतो. म्हणजे मोकळ्या जागेचा सगळा फायदा रात्री दहाला संपणार. आजींसाठी कायमचा पलंग हवा, हे एकदा मान्य झाल्यावर बाकीचं सोपं झालं. दिवाण आधी जागेवर बसवायचा, उरलेल्या जागेत सोफा.

आरशाच्या भिंतीची परीक्षा आम्ही फुकटात घेतली. सुताराकडे चार बाय अडीचचा आरसा पडून होता. तो दोघांनी धरून भिंतींवर ठिकठिकाणी लावून पाहिला. डाव्या भिंतीवर धरला की त्यात फ्रिज दिसे, फ्रिजवरची बरणी दिसे आणि पॅसेजमधला लोंबता टॉवेल. उजव्या भिंतीवर धरला की आजींचं अंथरुण. आरसा खोली दुप्पट करतो हे खरं, पण खोलीत जे आहे तेच दुप्पट करतो. समोर खिडकी किंवा झाडं असतील तर तो कमाल करतो. इथे तसा कोन मिळेना. झोपेच्या जागेसमोर आरसा आजींना मुळातच नको होता, त्यामुळे वाद वाढला नाही.

शोकेसचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ शोकेसवर गेला. गेला ते बरंच झालं.

ती आजींच्या यजमानांनी करवून घेतलेली. वर काचेच्या कपाटात नातीच्या ट्रॉफ्या, पितळी समई, संक्रांतीला लुटलेल्या वाणातल्या वाट्या, ऑफिसात मिळालेलं घड्याळ, प्रवासातून आणलेल्या बाहुल्या. खालच्या कप्प्यांत लग्नाचे अल्बम, जुनी वीजबिलं आणि तीन न चालणारे चार्जर. दादांना ती भंगारवाल्याला द्यायची होती. आजी काही बोलत नव्हत्या, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्यावर मार्ग निघाला: शोकेसमधलं सामान आणि शोकेसचं लाकूड. सुताराने सनमायका उचकटून पाहिला. चौकट अस्सल सागवानी निघाली, आतले पाटे मात्र जुन्या प्लायचे, कोपऱ्यांत वाळवी लागून गेलेली. सागवानाच्या पट्ट्या अजून सरळ होत्या. मग ठरलं की त्याच लाकडातून आजींचा दिवाण करायचा. काचेच्या दारांपैकी दोन घेऊन पॅसेजच्या आतल्या भिंतीवर फूटभर खोलीचं कपाट करायचं, ट्रॉफ्या आणि पितळ तिथे. बाहुल्यांपैकी कुठल्या ठेवायच्या ते नातीने ठरवलं. बिलं आणि चार्जर यांचा निर्णय दादांनी घेतला, त्याला फार वेळ लागला नाही.

या वाटाघाटीत एक वाक्य आजींनी मध्येच टाकलं, "अगं, ते दिवे-बिवे नंतर. गणपती कुठे बसवणार ते आधी सांग." तोवर दरवर्षी गणपतीला सेटी उचलून बेडरूममध्ये नेत. मला उजव्या भिंतीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात उभा दिवा ठेवायचा होता. ती साडेतीन फुटांची जागा आजींनी मागून घेतली. अट एकच: तिथे काहीही कायमचं ठोकायचं नाही. या अटीमुळे हॉलला एक मोकळा कोपरा मिळाला, जो मी कितीही समजावून सांगितला असता तरी कुणी मोकळा ठेवला नसता.

काय केलं

खरेदीआधी रद्दीचे पेपर चिकटपट्टीने जोडून प्रत्येक वस्तूच्या मापाचे तुकडे कापले आणि फरशीवर पसरले. घरचे दोन दिवस त्या कागदांना वळसे घालून वावरले. पहिल्या मांडणीत दिवाण खिडकीखाली आडवा होता. गॅलरीत कपडे वाळत घालायला जाताना वहिनींचा पाय रोज कागदावर पडे. म्हणून दिवाण डाव्या भिंतीला, लांबीच्या दिशेने, खिडकीच्या बाजूला गेला. त्याला लागून सोफा, मग दाराशी चपलांचं अरुंद कपाट, सात इंच खोल. सगळी बैठक एका रांगेत आली. आजींचा शेरा: "हे तर एस. टी. स्टँडवरच्या बाकड्यासारखं झालं." बरोबर होतं. माणसं रांगेत बसली की गप्पा होत नाहीत. त्यावर दोन वेताचे मुढे घेतले. पाहुणे आले की समोर ओढायचे, एरवी टीव्हीखाली सरकवायचे.

जिन्याचं मापही याच टप्प्यावर घेतलं. दुकानात वहिनींना एल आकाराचा सोफा आवडला होता. जिना सव्वातीन फुटांचा, वळणावर कठडा. त्या सोफ्याचा लांब भाग वळणारच नव्हता. दोराने बाहेरून चढवायचा तर प्रत्येक मजल्याचं ग्रिल आडवं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत सोफा जिन्यावर पसंत करावा, दुकानात नव्हे. घेतला तो दोन आसनी, पाच फुटांचा, हात चार इंचांचे, पाय सहा इंच उंच. हातांची जाडी कमी केली की बसायची जागा तेवढीच राहून सोफा जवळजवळ फूटभर आखूड होतो. पायांमुळे खालची फरशी भिंतीपर्यंत दिसते, आणि केर-फरशी करणाऱ्या मावशींचा झाडू आत जातो, जे घरच्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं.

दिवाणाला खाली ड्रॉवर हवेत असा दादांचा आग्रह होता. इथे तडजोड झाली. डोक्याकडच्या अर्ध्या भागात ड्रॉवर, पायाकडचा अर्धा भाग मोकळा. दारातून दिसतो तो पायाकडचाच भाग. उंची गादीसकट अठरा इंच, म्हणजे आजींना उठताना गुडघ्यावर जोर येत नाही.

टीव्ही ५५ इंची घ्यायचा होता. त्याची रुंदी चार फूट. कागद भिंतीला लावून पाहिल्यावर उजवी भिंत म्हणजे टीव्हीच, असं दिसू लागलं. ४३ इंचीवर समेट झाला. खाली सहा फुटांचं, फूटभर खोलीचं युनिट, जमिनीपासून वर, भिंतीला टांगलेलं. दिवाण आणि या युनिटच्या मध्ये आता सव्वासहा फूट सलग वाट आहे, दारापासून गॅलरीपर्यंत, मध्ये काही नाही. टीपॉयच्या जागी एकात एक सरकणारी दोन छोटी टेबलं. जमिनीला टेकणाऱ्या सामानाची नवी बेरीज ४१ चौरस फूट. निम्म्याहून जास्त होती, ती पाव भागाच्या थोडी वर आली.

गॅलरीचं ग्रिल रिकामं केलं. खिडकीचा पडद्याचा रॉड छताखाली दोन इंचांवर नेला आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच वाढवला, म्हणजे पडदे उघडल्यावर काचेवर न राहता भिंतीवर जमतात. मरून पडद्यांऐवजी साधे मळकट पांढरे सुती पडदे आणि आत पातळ जाळीदार. चारही भिंतींना एकच ऑफ-व्हाइट. बीम छताच्याच पांढऱ्या रंगात. वांगी भिंतीवर प्रायमर असूनही रंगाचे तीन हात लागले.

दिव्यांबद्दल

दिव्यांचं काम सगळ्यात स्वस्त होतं आणि त्यावर वाद सगळ्यात जास्त झाला.

भिंती फोडायच्या नव्हत्या, म्हणून नवं वायरिंग केसिंग पट्टीतून, कोपऱ्याकोपऱ्याने नेलं आणि पट्टीला भिंतीचाच रंग दिला. उजव्या भिंतीवर छताखाली फूटभर अंतरावर चार इंचांची लाकडी पट्टी ठोकली, दहा फूट लांब. तिच्या वरच्या बाजूला अॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप, मीटरला १० वॉटची, तोंड छताकडे. स्ट्रिप कुठूनच दिसत नाही, दिसतं ते उजळलेलं छत. तशीच दोन मीटर स्ट्रिप पडद्याच्या पेलमेटमागे, तोंड खाली, पडद्यावर. रात्री बाहेर अंधार असताना खिडकीची भिंत काळी पडते आणि खोली तिथे तुटल्यासारखी वाटते. पडद्यावर उजेड पडला की शेवटची भिंत दूर जाते. डोळा खोलीचा आकार उभ्या भिंतींवरून ठरवतो. फरशीवर कितीही प्रखर प्रकाश ओतला आणि भिंती अंधारात ठेवल्या, तर खोली विहिरीतल्यासारखी वाटणार.

एक तांत्रिक बाब, कारण इलेक्ट्रिशियन इथे हमखास काटकसर करतात. छताकडच्या तीन मीटर स्ट्रिपचा भार ३० वॉट. त्याला ३० वॉटचाच ड्रायव्हर, म्हणजे स्ट्रिपला १२ व्होल्ट पुरवणारा डबा, दिला तर तो कायम पूर्ण ताकदीने चालतो, तापतो आणि लवकर जातो. ४० वॉटचा बसवला, आणि तोही पट्टीच्या टोकाला, हात पोचेल अशा जागी. ड्रायव्हर कधी ना कधी बदलावाच लागतो.

रंगाचा वाद. दादांना ६५०० केल्व्हिनचा शुभ्र उजेड हवा. पिवळा उजेड म्हणजे "व्होल्टेज कमी असल्यासारखं वाटतं" हे त्यांचं म्हणणं, आणि वर्षानुवर्षं ट्यूबखाली वाढलेल्या माणसाला ते वाटणारच. मी ३०००च्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या, बाजूची. एका संध्याकाळी तीन रंगांचे तीन बल्ब आळीपाळीने लावले. ६५००मध्ये नव्या भिंती निळसर, दवाखान्यासारख्या दिसल्या. ३०००मध्ये छान वाटलं, पण नातीला वहीवर झोप येऊ लागली, असं ती म्हणाली. शेवटी छताच्या आणि पडद्याच्या स्ट्रिपला ४०००, आजींच्या उशाशी भिंतीवरच्या दिव्याला ३०००. स्ट्रिपमध्येही दोन प्रती आणल्या होत्या, एक सीआरआय ८०ची, एक ९०ची. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. वहिनींनी दोन्हींखाली कुंकवाचा करंडा उघडून धरला. ८०च्या स्वस्त स्ट्रिपखाली कुंकू विटकरी दिसलं. पुढे चर्चेची गरज पडली नाही.

जुनी ट्यूब काढली नाही. केर काढताना, हरवलेलं कानातलं शोधताना आणि हळदीकुंकवाला ती लागते. आजींच्या दिव्याला टू-वे स्विच दिला, एक दाराशी, एक उशाशी. अभ्यासाचं टेबल गणपतीच्याच कोपऱ्यात, भिंतीला मिटणारं, अडीच फुटांचं. ठोकायचं नाही या अटीला दोन बिजागऱ्यांचा अपवाद आजींनी नातीसाठी केला. खिडकी तिच्या डाव्या हाताला येते, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडत नाही. रात्रीसाठी टेबलवर ९ वॉटचा वाकवता येणारा दिवा.

परिणाम

मीटरवर खोलीच्या मध्यभागी ट्यूबशिवाय दीडशेच्या आसपास लक्स, आजींच्या उशाशी अडीचशे, टेबलवर चारशेच्या वर. आजी आता पोथी दिवाणावर वाचतात. एकूण खर्च दीड लाखाच्या थोडा वर गेला, त्यात दिव्यांचं काम वायरिंगसकट वीस-एकवीस हजारांचं. रंग, पॉलिश आणि केसिंग पट्टी सोडली तर सगळं उचलून नव्या घरात नेता येईल असं आहे.

हळदीकुंकवाला वीसेक बायका सतरंजीवर बसल्या, मुढे आणि टेबलं गॅलरीत गेली. गणपतीला पूर्वी सेटी उचलत तसं काही उचलावं लागलं नाही.

सगळं जमलं नाही. मिटणारं टेबल मिटत नाही. दहावीच्या मुलीच्या टेबलवर वह्या, अपेक्षित प्रश्नसंच आणि पाण्याची बाटली कायम असते, त्यामुळे तो कोपरा वर्षातून दीड दिवसच मोकळा दिसतो. पश्चिमेची खिडकी मोकळी केल्याचा दंड एप्रिलमध्ये भरावा लागला. दुपारी तीननंतर जाळीच्या पडद्याला ऊन ऐकेना, शेवटी ग्रिलला बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा बांधला. लाकडी पट्टीवर धूळ साचते आणि ती पुसायला स्टूल लागतं. फ्रिज आहे तिथेच आहे. त्याचं काही करता येत नव्हतं. त्याला पांढरं आवरण घालायची सूचना दादांची होती, ती वहिनींनी हाणून पाडली.

वेगळं काय करता आलं असतं

मुख्य म्हणजे क्रम. गॅलरी रिकामी करणं, दोन सिंगल खुर्च्या काढणं, पडद्याचा रॉड हलवणं आणि दिवे, या चार गोष्टींना मिळून पंचवीस हजारही लागत नाहीत. त्या आधी करून घरच्यांनी महिनाभर तसंच राहून पाहिलं असतं, तर सोफा आणि टीव्हीबद्दलचे निर्णय शांतपणे झाले असते. माझ्या अंदाजाने हॉलमध्ये जो फरक जाणवतो त्याचा निम्म्याहून मोठा वाटा या चार गोष्टींचाच आहे. पण दिवाळीआधी सगळं हवं होतं. दिवाळीआधी काम हवं असणाऱ्या घरात टप्पे पाडायला कुणी तयार नसतं.

टेबलाबाबत, मिटणाऱ्याऐवजी बारा इंच खोलीचा साधा पाट आणि वर वह्यांसाठी एक फळी पुरली असती. दहावी-बारावीच्या मुलांच्या घरी मी आता मिटणारं टेबल सुचवत नाही. दिवाणाचे ड्रॉवर मात्र पूर्ण लांबीचे करायला हवे होते असं दादा अजूनही म्हणतात. दारात उभं राहून मोकळी फरशी पाहिली की मला तसं वाटत नाही. या एका मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पुनर्विकासाचा करार अजून व्हायचा आहे. विकासकाने दाखवलेल्या नकाशात हॉल दहा बाय सोळाचा आहे, पण दार आखूड भिंतीऐवजी लांब भिंतीत. वहिनींनी नकाशाचा फोटो पाठवून विचारलं आहे की दार फिरवून मिळेल का. करारावर सह्या होण्याआधीच हे विचारून घ्यायला मी त्यांना सांगितलं आहे.